काळी चारमध्ये रडणारा वायपर आणि फोंड्यातलं एक दुकान

गेल्या जूनमध्ये माझ्या गाडीचा उजवा वायपर काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, रडायला लागला. थट्टा नाही. चाळीस वर्षं पेटी वाजवली की माणसाला मिक्सरचाही सूर कळायला लागतो. वर जाताना वायपर गप्प, खाली येताना मात्र 'कुंईईक', आणि शेवटी काचेवर दोन-तीन थरथरत्या उड्या. मागच्या सीटवर मांडीत पखवाज धरून बसलेला आमचा गडी म्हणाला, "मास्तर, हा समेवर येत नाही."

मी राहतो गोव्यातल्या साखळी गावात. आषाढी एकादशीपासून चवथीपर्यंत (म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत) आमच्या भजनी मंडळाचे दिवस असतात आणि गोव्यातल्या पावसाचेही नेमके तेच. कार्यक्रम संपायला रात्रीचा एक वाजतो, परतीला अंधार, समोरून येणाऱ्याचे दिवे डोळ्यांत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जणू त्याच एका तासात आटपायचा आहे अशा घाईत, आणि गाडीत चार माणसं, दोन वाद्यं. अशा वेळी काचेवर एक पाणचट फराटा राहिला तरी जिवाला घोर लागतो. ताशी साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. म्हणजे दोन सेकंद नीट दिसलं नाही की तेहेतीस मीटर रस्ता आपण देवाच्या भरवशावर तोडलेला असतो. देव भजनाला प्रसन्न असेलही, पण उसगावच्या वळणावर उभ्या असलेल्या ट्रकचं काय?

तर पहिला उपाय मी केला तो पैसे असलेला माणूस करतो तोच. महागडी फ्लॅट पाती मागवली, जोडीला साडेअकराशे रुपये. फ्रेमच्या जुन्या पात्यांसारखे सांधे त्यांना नसतात. आत एकच वाकवलेली पोलादी पट्टी असते आणि ती काचेच्या गोलाईला सगळीकडून सारखी टेकते. दिसायला देखणी. दहा-बारा दिवस सुखाचे गेले. तेराव्या दिवशी पुन्हा काळी चार.

तेव्हा आमच्या मंडळातल्या एका टाळकऱ्याने हे दुकान सांगितलं. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण मालकाने हात जोडून नको म्हटलंय. ("नांव घालूं नाका मास्तर, मग लोक फोन करून दर विचारत बसतात.") फोंड्यात तिस्काकडच्या एका गल्लीत, आठ फूट रुंदीचं, सुट्या भागांचं दुकान. ओळखायची खूण म्हणजे दाराच्या चौकटीला लोंबणाऱ्या काळ्या रबराच्या पट्ट्या. चवथीच्या माटोळीला जशी फळं टांगतो तशा त्या टांगलेल्या असतात, चौदा इंचांपासून सव्वीस इंचांपर्यंत. कारण या दुकानात अजून ते काम होतं जे बाकी सगळीकडे बंद पडत चाललंय: आख्खं पातं न बदलता नुसतं रबर बदलून देणं.

भाईंचं वय सत्तरीच्या आसपास. (सगळे भाईच म्हणतात, मीही म्हणतो.) मी गेलो तेव्हा मी काय सांगतोय ते त्यांनी ऐकून घेतलंच नाही. सरळ रस्त्यावर आले, तांब्याभर पाणी काचेवर ओतलं आणि हात मागे बांधून बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पयलीं कांच पळय." (आधी काच बघ.) पाणी पसरण्याऐवजी काचेवर तेलकट थेंबांचे पुंजके झाले होते. त्यांनी कापसाला औषधाच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट लावलं आणि काच पुसायला घेतली, रंगावर ओघळ जाणार नाही अशा बेताने. कापूस आधी काळा झाला, मग तांबूस. काळं म्हणजे ट्रकांच्या धुराची काजळी आणि गाडी धुणाऱ्याने काचेलाही फासलेलं चकचकीत मेण. तांबूस कुठलं, ते साखळीच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये बंद झाल्या, मग 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या, पण खनिजाचे ट्रक दिसले नाहीत आणि लाल धूळ बसली नाही असं आमच्या भागातलं वर्ष आठवायला डोकं खाजवावं लागेल.

काच झाली, मग पातं धरणारी दांडी. इथे मला खरं शिकायला मिळालं. रबराची जी पातळ ओठासारखी धार असते ती काचेवर सरळ उभी राहत नाही. पातं ज्या दिशेला चाललंय त्याच्या उलट बाजूला ती थोडी झुकून मागून फरफटत येते, आणि पातं परत फिरताना उलटी होते. प्रत्येक फेरीला दोनदा अशी कूस बदलली पाहिजे. दांडी जरा पिळली गेली असेल तर पातं काचेवर तिरकं बसतं, धार एकाच बाजूला झुकते आणि परतताना काचेला ढकलत, अडखळत येते. एका दिशेने गप्प आणि दुसऱ्या दिशेने रडारड, याचं कारण हे. भाईंनी पातं काढून दांडीचं टोक दोन पान्यांत धरलं आणि अगदी किंचित, तंबोऱ्याचा मणी सरकवावा इतकंच, पीळ दिला. पुन्हा पातं लावलं, पाणी ओतलं, वायपर सुरू. काळी चार बंद. साडेअकराशेची पाती निर्दोष होती बिचारी, त्यांना बसायला जागा वाकडी दिली होती.

पातं काढताना त्यांनी एक गोष्ट न बोलता केली. खांद्यावरचा पंचा चौघडी करून दांडीच्या खाली काचेवर अंथरला. मी तो पंचा बघून दोन मिनिटं गप्प झालो. त्यामागे माझी तीन वर्षांपूर्वीची कथा आहे. एका गॅरेजमध्ये पोराने पातं उपसून काढलं, उघडी दांडी तशीच उभी ठेवली आणि नवीन पातं आणायला आत गेला. दांडीच्या मुळाशी स्प्रिंग असते. वारा आला की कुणाचा धक्का लागला, देव जाणे, ती लोखंडी दांडी फटदिशी काचेवर आपटली. पुढची काच दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, त्यामुळे ती अंगावर पडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली ती तडकलीच. काच बदलावी लागली. गॅरेजवाला म्हणाला काच आधीपासूनच कमजोर असणार. विम्याने काही दिलं, काही मी दिलं, पोराला शिव्या पडल्या. आणि सगळ्यांना मिळून लागला असता फक्त एक टॉवेल. तुम्ही घरी पातं बदलत असाल तर कुणाचंही बाकी काही ऐकू नका, पण पातं काढण्याआधी काचेवर जाड काहीतरी अंथरा, आणि काम झाल्यावर दांडी सोडून न देता हाताने हळू टेकवा. काही नव्या गाड्यांत दांड्यांची मुळं बॉनेटच्या आत लपलेली असतात. त्या तशाच उचलायला गेलं तर बॉनेटचा रंग खरवडतो. त्यांना आधी उभ्या स्थितीत आणायची युक्ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

मग माझ्या सासऱ्यांच्या जुन्या गाडीची पाळी. ती मी दुसऱ्या खेपेला घेऊन गेलो, कारण तिला फ्रेमची पाती आहेत आणि नुसतं रबर बदलायचं ते अशाच पात्यांचं. रबराच्या दोन्ही अंगांना पोलादाच्या बारीक पट्ट्या असतात. एका टोकाला खाच, तिथला पंजा पकडीने सोडवला की रबर पट्ट्यांसकट सरकत बाहेर येतं. भाई त्या जुन्या पट्ट्या काढतात, बोटाने वाक तपासतात, नव्या रबराच्या चिरेत बसवतात, वाक मात्र मूळच्याच दिशेला ठेवून, आणि मग एकेका पंज्यातून ओवत नेतात. शेवटी जास्तीचं बोटभर रबर ब्लेडने कापतात. आठ मिनिटं. रबराचे ऐंशी रुपये, लावण्याचे वीस. दोन्ही पाती मिळून दोनशे. आख्खी नवी फ्रेमची जोडी त्याच दुकानात साडेचारशेला होती आणि ती त्यांनी मला घेऊ दिली नाही. "सांधे घट्ट आहेत, गंज नाही, कशाला घेता?" म्हणाले. धंदा कसा करू नये याचा हा नमुना आहे, आणि म्हणूनच मी दोनदा गेलो.

आता वॉशर, म्हणजे काचेवर पाणी उडवणारी पिचकारी. इथे चूक गाडीवाल्याची म्हणजे माझीच, ती सांगतो. उसगावकडे येताना ट्रकच्या मागे काचेवर लाल पीठ बसलं. मी सवयीने वायपर लावला. कोरड्या धुळीवर. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूचा कण काचेहून कठीण असतो. म्हणजे मी माझ्या हाताने काचेवर पॉलिश पेपर फिरवत होतो. त्या दिवसाचा एक अर्धगोल ओरखडा अजून आहे, रात्री समोरून दिवे आले की चंद्रकोरीसारखा उजळतो. मग शहाणपण सुचलं आणि मी स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढली, तर पाणी नाही, नुसतं 'घुंऽऽ'. टाकी रिकामी. मी हट्टाने ओढतच राहिलो. भाईंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच चिडले. वॉशरचा पंप इवलासा असतो, आतलं पाणीच त्याला थंड ठेवतं. कोरडा चालवला तर जळतो. पाणी असलं तरी सलग आठ-दहा सेकंदांच्या वर ओढू नये, थांबावं, पुन्हा ओढावं. आणि क्रम कायमचा: आधी पाणी, मग वायपर.

माझं नशीब, पंप जिवंत होता. पण नॉझल तुंबले होते, आणि त्याचाही कर्ता मीच. टाकीत मी घरच्या विहिरीचं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालत असे. काटकसर! त्या साबणाचा फेस होतो, वाळला की काचेवर पांढुरका थर धरतो. तोच रात्री दिव्यांपुढे धुक्यासारखा दिसतो. शिवाय नुसतं साधं पाणी महिनोन्‌महिने साचून राहिलं की टाकीत शेवाळ धरतं. त्याहून वाईटही काही धरू शकतं. 2010 साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नुसत्या पाण्याच्या वॉशर टाक्यांचा लीजनेला या न्यूमोनियाच्या जंतूशी संबंध दिसला होता, आणि त्यात वॉशरचं द्रव घालावं असा सल्ला निघाला. काचेवर उडालेला तुषार गाडीतल्या हवेतून आपण नाकात ओढतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

भाईंनी टाकी रिकामी करून दोनदा खळबळली, बारीक टाचणीने नॉझलची भोकं मोकळी केली आणि त्याच टाचणीने धारेचा कोन थोडा खाली आणला. आधी माझी धार छपरावरून मागच्या गाडीवर जायची. एकदा ढवळीला मागच्या स्कूटरवाल्याने मला गाठून त्याबद्दल जे सुनावलं ते भजनी मंडळाच्या माणसाला लिहिता येत नाही. मग वॉशरच्या दाट द्रवाची बाटली घेतली, साठ रुपये. ती बाटलीवर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळायची. आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा थंडीसाठीचं वेगळं काही लागत नाही. एक मात्र बघा: बॉनेटखाली टाक्या दोन-तीन असतात. वॉशरच्या टाकीच्या झाकणावर काच आणि कारंजं असं चित्र असतं. माझा भाचा उत्साहाने शेजारची कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी उघडायला निघाला होता, तीही तापलेली. तिचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मी ओरडलो म्हणून वाचला.

दुरुस्तीची खरी परीक्षा झाली श्रावणात. वास्कोच्या देव दामोदराचा भजनी सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि त्या रात्री वास्कोला पाऊस नसला तर आम्हाला चुकल्यासारखं होतं. फोंड्याहून बोरीच्या पुलावर आलो तेव्हा जुवारी नदी दिसत नव्हती, पुलाचा कठडाही जेमतेम. वायपर हायवर टाकला. माझ्या गाडीचा लो म्हणजे मिनिटाला त्रेचाळीस फेऱ्या, हाय म्हणजे त्रेसष्ट, मी लय मोजून ठेवली आहे. काचेवर एक फराटा नाही, एक उडी नाही, आवाज म्हणाल तर रबर पाण्यावरून सरकतं तेवढाच. मागून पखवाजवाल्याने त्या लयीवर मांडीवर ठेका धरला.

त्याच पावसात वेर्ण्याच्या अलीकडे मला ते आठवलं जे लहानपणी खासगी बसमध्ये पाहिलं होतं. वायपर बंद पडला की ड्रायव्हर बस थांबवायचा, खिशातून तंबाखू काढायचा आणि ओल्या काचेवर चोळायचा. कुणी अर्धा कापलेला बटाटा चोळायचा. पाणी थेंबांत न थांबता पातळ पसरतं, थोडा वेळ दिसतं. आणि मुळात अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी 1903 मध्ये वायपरचं पेटंट घेतलं तेव्हा तो हातानेच चालवायचा होता, आतून एक दांडा ओढून. एका हाताने गाडी, एका हाताने वायपर. आम्ही पेटीवाले जन्मभर हेच करतो, डाव्या हाताने भाता, उजव्याने पट्ट्या. मला ती कल्पना आवडली. फक्त बोरीच्या पुलावर नको.

पावसाच्या रात्रीच्या दोन गोष्टी वायपरच्या हातात नाहीत, तेही सांगून टाकतो. एक, काचेवर आतून धरलेली वाफ. चार भिजलेली माणसं आणि एक घोंगडी गाडीत आली की काच आतून पांढरी होते, आणि लोक बाहेरचा वायपर जोरात करत बसतात. एसी सुरू करून वारा काचेवर सोडावा, मिनिटात साफ. दुसरी, पाऊस वाढला की चारी इंडिकेटर लावून धावणारे लोक. अहो, तुम्ही डावीकडे वळताय की सरळ जाताय ते मागच्याने कसं ओळखायचं? साधे दिवे लावा. चारी इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात.

भाईंचं एक म्हणणं मला आधी विचित्र वाटलं होतं आणि आता पटलंय. गोव्यात वायपर पावसात मरत नाही, तो मे महिन्यात मरतो. चार महिने उन्हात तापलेल्या काचेवर रबर एकाच कुशीवर पडून राहतं, कडक होतं, चिरतं, आणि पहिल्या सरीला आपण त्याच्याकडून काम मागतो. म्हणून ते मार्च-एप्रिलमध्ये रबर विकायला नाराज असतात. "मे संपताना या," म्हणतात. तोवर दर आठवड्याला ओल्या फडक्याने धार पुसायची, एकदा वॉशर मारून पाती फिरवायची आणि शक्य तर गाडी सावलीत. पण सावली कसली तेही बघायला हवं. आमच्याकडे सावली आंब्या-फणसाचीच. त्याची पानं वायपरच्या खालच्या जाळीत साचतात, पाण्याची वाट तुंबते, पाणी गाडीत उतरतं. शिवाय पानाचा देठ पात्याखाली अडकला आणि आपण वायपर सुरू केला की मोटरवर ताण. मी आता सकाळी पेपर उचलायला बाहेर जातो तेव्हाच हाताने पानं काढतो.

पाती उन्हात दिवसभर उभी करून ठेवावीत का, यावर आमचं एकमत नाही. भाई म्हणतात स्प्रिंग सैल पडते आणि रस्त्यावरची पोरं दांडी वाकवतात. मी दुपारपुरती उभी करतो. अजून तरी स्प्रिंग शाबूत आहे.

तक्रारी. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी पूर्ण बंद. गोव्यात हे सांगायला नको, पण मी साखळीहून दोनदा जाऊन बंद दारावरच्या रबराच्या पट्ट्या बघून आलोय. गाडी उभी करायला जागा नाही, भाई रस्त्यावरच काम करतात आणि मागचे हॉर्न वाजवतात. बिल मागितलं तर कागदाच्या कपट्यावर आकडा लिहून देतात. फ्लॅट पात्यांची सुटी रबरं त्यांच्याकडे नाहीत, आणि माझ्या गाडीला आता तीच लागणार. जाण्याआधी दोन्ही पाती टेपने मोजून जा. बऱ्याच गाड्यांत डावं-उजवं सारखं नसतं. माझ्या गाडीत ड्रायव्हरकडचं चोवीस इंच आणि शेजारचं सोळा आहे. दांडीच्या टोकाचा फोटोही काढा. बहुतेकांची आकड्यासारखी असते, पण सगळ्यांची नाही, आणि भाईंना फोनवर समजावणं हा वेगळाच कार्यक्रम आहे.

पाचपैकी चार तारे. पाचवा मी मागच्या काचेच्या वायपरसाठी राखून ठेवलाय. त्याचं रबर "येत्या आठवड्यात येतं" असं भाई जुलैपासून सांगतायत.